लिंबानं घासलेली जाळी

तामलवाडीच्या आमच्या शेतात उन्हाळ्यातल्या पार्टीला कोळशावर केक आणि अननस भाजून द्यायला एक म्हातारा आणला होता. नाव विचारायचं सुचलं नाही. प्रत्येक फोड ठेवण्याआधी तो अर्ध्या लिंबानं जाळी घासत बसायचा. बघूनच माझं डोकं फिरायचं. माझ्या मेव्हण्यानं त्याच जाळीवर कोंबडीचे तुकडे टाकले, तशी म्हाताऱ्यानं पाण्याची अख्खी बादली शेगडीत ओतली.

“चाचा, अक्कल हाय का तुम्हाला? पाव्हणे ताटकळलेत!” मी ओरडलो.

“वरडू नका,” तो रागानं म्हणाला. “त्या माळकरी माई सकाळपास्नं तीनदा विचारून गेल्या, जाळीला मटण लागलं न्हाय ना म्हणून. म्या जबान दिलीय त्यांना.”

ती माई म्हणजे माझी आई. मला तिनं एकदाही विचारलं नव्हतं.