सगळ्यांना विचारणारे भाऊजी

वापरून झालेली वस्तू उचलायच्या आधी घरभर विचारत फिरणारा माणूस साऱ्या हैदराबादेत एकच असेल, आणि तो आमच्या मलकपेठच्या घरात राहतो. माझे धाकटे दीर. पेपर कितीही शिळा होवो, रद्दीत जायच्या आधी भाऊजी तो हातात धरून प्रत्येकाच्या दाराशी उभे राहतात. "दादा, तुझं झालं? वहिनी, तुमचं झालं?" मी पेपर वाचत नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी विचारतात. एकदा मी वरणाचं पातेलं घासायला घेतलं, तर म्हणाले, "थांबा, पिंकी जेवायची आहे." पिंकी आमची मुलगी, ती दिलसुखनगरला क्लासला गेलेली. तळाला राहिलेलं पळीभर वरण तिची वाट बघत बसलं. ती आली आणि म्हणाली, "काका, मैं बाहर खाके आई. अब तो मम्मी को धोने दो!" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावरून ओरडल्या, "अरे, तुला नोकरीवर ठेवलं तरी कुणी?"

मला वाटतं, नोकरी त्यांना याच स्वभावावर मिळाली असावी. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला कॉम्प्युटरातलं काय कळणार. पण मी भाकरी थापत असले की ते समजावून सांगतात आणि मी मान हलवते. एकाच कामाचे अनेक धागे करतात म्हणे, आणि सगळे एकदम पळतात. त्यातला एक धागा कॉम्प्युटरकडून जागा मागून घेतो, तिथे माहिती ठेवतो, आणि मग बाकीचे धागेही तीच वापरतात. काम संपलं की जागा परत करायची. घाईने परत केली तर मागून येणाऱ्याच्या हाती भलतंच लागतं आणि सगळं कोसळतं. कुणीच परत केली नाही तर जागा उगीच अडून राहते. "मग काय करायचं हो?" मी विचारलं होतं. "मोजायचं, वहिनी. कुणी वापरायला घेतलं की आकडा एकाने वाढवायचा, सोडलं की एकाने कमी करायचा. शेवटी जो सोडेल त्याने जागा मोकळी करायची. पुष्कळ ठिकाणी हे आता आपोआप होतं. आमच्याकडे अजून हातानेच." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो, की लग्न का केलं नाही हे विचारायचं राहूनच जातं.

आत्याबाईंचा लोखंडी पलंग भाऊजींनीच पहिल्या पगारातून आणला होता. आत्याबाई त्याच्या एका कडेला झोपायच्या, उरलेला पलंग घरादाराचा. मी त्यावर कपड्यांच्या घड्या घालायची, पिंकी पुस्तकं पसरायची, आमचे हे त्यावर बसून बूट चढवायचे. भाऊजी घरून काम करायला लागले तेव्हा टेबल-खुर्ची आणली. तिच्यावर टॉवेल वाळू लागले आणि भाऊजी लॅपटॉप घेऊन आईच्या पायथ्याशी बसले. "किती टकटक करतो रे? जरा पाय चेप," असं आत्याबाई म्हणाल्या की त्यांचा एक हात आईच्या पायावर आणि दुसरा लॅपटॉपवर चाले.

गेल्या हिवाळ्यात आत्याबाई गेल्या. महिन्याभराने मागच्या गल्लीतली अम्मा दाराशी आली. तिचा नवरा पडून कंबर मोडून बसला होता. "भैया, नीचे से उठाना नहीं होरा मेरे से. वो पलंग देते क्या?" भाऊजींनी रीतीप्रमाणे विचारलं. हे म्हणाले, झालं. पिंकी म्हणाली, झालं. मी मान हलवली. भाऊजींनी स्वतः पलंग गाडीवर चढवला, अम्माच्या घरी नेऊन त्याचे नटबोल्ट आवळून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर भाऊजी लॅपटॉप छातीशी धरून खोलीच्या मधोमध उभे. कुठे बसायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"चुकलं, वहिनी," ते म्हणाले. "ज्याने जागा मागून घेतली, त्याचाही एक धरायचा असतो. ऑफिसात नव्या पोरांना मी हेच शिकवतो. काल सगळ्यांना विचारलं, आणि मला धरलंच नाही." आणि आईला पोचवताना कोरड्या डोळ्यांनी उभा राहिलेला तो माणूस माझ्यासमोर रडला.

"मी जाते अम्माकडे. परत मागते," मी म्हटलं. परक्या बाईशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, पण गेले असते.

"नक्को. आता त्यावर माणूस झोपलाय."

तेव्हापासून भाऊजी पलंगाच्याच जागी, फरशीवर, भिंतीला पाठ लावून काम करतात. नव्या पाहुण्याला वाटतं, वायरमन आलाय. आम्ही त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून जातो-येतो.

परवा हे टेप घेऊन आले. तिथे कपाट छान बसेल म्हणाले, आणि भाऊजींच्या डोक्यावरूनच भिंत मोजू लागले. संसाराला इतकी वर्षं झाली, ह्यांना मी कधी नाही म्हटलेलं नाही. म्हटलं, "तिथे कपाट नको. तिथे भाऊजी बसतात."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेप गुंडाळला. भाऊजींनी मान वर केली नाही. फक्त त्यांच्या बोटांचा आवाज थांबला, आणि तो पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.