कावीळ उतरवणारे हात

देव मला पावला, हे मी नाकारत नाही. पण तो आला तेव्हा मी त्याला दोन महिने दारातच उभं ठेवलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या एकाचा संसार उघड्यावर पडला. त्यामुळे हा अनुभव सांगताना माझा कंठ वगैरे दाटून येत नाही. चीड येते, आणि तीही स्वतःचीच.

कावीळ उतरवण्याची सेवा आमच्याकडे आजोबांपासून. दर रविवारी सकाळी लोक अनशापोटी यायचे. त्यांच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळायचा, दत्तमहाराजांचं नाव घ्यायचं आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळंधमक व्हायचं. उतरली कावीळ! असे तीन रविवार करायचे. बँकेत संगणक आले तशी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, नारायण पेठेतलं आमचं घर पाडून तिथे सोसायटी झाली, पण सेवा सुटली नाही. फक्त पडवीतून पार्किंगमध्ये आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली आयटीतली मुलंसुद्धा स्कूटरींच्या मधून रांग लावायची, तेव्हा मला काय गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू! संगणकवालेसुद्धा शेवटी आमच्याच बादलीपाशी येतात, असं मी चारचौघांत म्हणायचो.

त्या रांगेत एका रविवारी साळवे बाई आल्या. हातात फॉर्मचा गठ्ठा होता. यकृत आणि पित्ताशयाच्या एका सर्जननी त्यांना पाठवलं होतं. पित्ताचा खडा नळीत अडकून ज्यांना कावीळ होते, ते रोगी ऑपरेशनला इतके उशिरा का पोचतात, यावर त्या सर्जनचं संशोधन चाललं होतं. बाई प्रत्येकाला तेच विचारायच्या : अंगाला खाज येते का, शौचाला पांढुरकं होतं का, थंडी वाजून ताप येतो का. ज्याचं उत्तर हो येईल त्याला म्हणायच्या, “उद्याच्या उद्या सोनोग्राफी करून घ्या. बाकीच्यांची कावीळ बहुतेक आपोआप जाते, तुमची जाणार नाही.” त्यांचं आडनाव ऐकून, कपाळ कोरं पाहून माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. ही कोण मला शिकवणार, असं आलं. मी म्हणालो, “बाई, आपला दवाखाना चालत नाही का, म्हणून आमच्याकडून गिऱ्हाईक नेताय?” रांग हसली. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा आल्या.

मार्केट यार्डात हमाली करणारा बबन तेव्हा यायचा. पाठीवर कांद्याची पोती वाहणारा गडी, पण खाजवून खाजवून दंड सोलवटले होते. बाईंनी सांगितलं ते त्याला पटलं असावं. अदबीने मला विचारलं, “काका, जाऊन येऊ का दवाखान्यात? लई खाज हाय.” मी म्हणालो, “जा की! तिथे पोट फाडतात, इथे नुसते हात धुतात. आपली मर्जी.” पुन्हा रांग हसली. बबनही हसला आणि बादलीपुढे बसला.

त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या हिचे डोळे पिवळे झाले. मी मनातून खूशच झालो, खोटं कशाला बोलू? घरचाच दाखला मिळणार होता. तीन रविवार झाले. पाणी दर वेळी पिवळं झालं आणि ही त्याहून पिवळी. रात्रंदिवस फणीने अंग खाजवायची. मी म्हणालो, “तुझी श्रद्धा कमी पडतेय.” पस्तीस वर्षं ती माझ्या सेवेसाठी आंब्याची साल कुटत होती, आणि मी तिला हे ऐकवलं.

चौथ्या रविवारी साळवे बाई फॉर्म बाजूला ठेवून रांगेत बसल्या. त्यांची पाळी आली तशी त्यांनी हात पुढे केले. “माझेही धुवा.” मी रस चोळला, नाव घेतलं, हात निवळीत बुडवले. पाणी पिवळंधमक झालं. मी विजयी सुरात म्हणालो, “बघा, आपल्यालाही कावीळ आहे!” त्यांनी पिशवीतून कागद काढला. “कालच रक्त तपासलंय. मला काही झालेलं नाही. आता तुमचे धुवा.”

अहो, निरोग्याचे हात मी कधी धुतलेच नव्हते! आमच्या तीन पिढ्यांत कोणी धुतले नव्हते. निरोगी माणूस कावीळवाल्याकडे येईल कशाला? सगळ्यांच्या देखत मी रसाने माखलेले माझे हात ताज्या निवळीत बुडवले. पाणी पिवळं झालं. मी उठलो आणि बाईंच्या अंगावर ओरडलो, “चालत्या व्हा इथून!”

जिन्यात ही उभी होती. भिंतीला धरून खाली आली आणि बाईंना म्हणाली, “मला घेऊन चला.” माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. रिक्षात बसताना तिला हुडहुडी भरली होती. त्याच आठवड्यात तिचं ऑपरेशन झालं. पित्ताशय काढलं, नळीतला खडा काढला. सर्जन मला म्हणाले, “आणखी चार दिवस थांबला असता, तर माझ्या हातात काही उरलं नसतं.” मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडलो. जिला मी हाकललं, तिच्याच हाताने महाराजांनी माझी बायको मला परत दिली होती.

तिथेच साळवे बाईंनी मला सांगितलं, की बबनला परवा आणलं होतं. नळी पिकून विष रक्तात गेलं होतं. तो ऑपरेशनच्या टेबलापर्यंतही पोचला नाही.

महिन्याने मी त्याच्या खोलीवर गेलो. त्याच्या बायकोने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. “तुमच्यावर लई भरवसा हुता त्येंचा,” म्हणाली आणि चहा टाकला. कप पुढ्यात आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. तो दवाखान्यात निघाला होता, मीच त्याला हसण्यावारी नेऊन थांबवलं, पाणी तर कोणाचेही हात धुतले तरी पिवळं होतं. ऐकून झाल्यावर तिने विचारलं,

“तुमच्या मंडळींनाबी हेच झालं हुतं म्हनं?”

“हो.”

“त्यांचं काय केलंत?”

“ऑपरेशन.”

ती उठली. माझ्या पुढचा भरलेला कप उचलून तिने मोरीत ओतला आणि दाराशी जाऊन मी बाहेर पडायची वाट पाहत उभी राहिली.

सेवा ऑपरेशनच्या आठवड्यातच बंद झाली होती. लोक म्हणतात, यांची श्रद्धा गेली. श्रद्धा गेलेली नाही. रोज महाराजांपुढे बसतो आणि बायको दिलीत म्हणून त्यांचे आभार मानतो. मागणं मात्र एकही करत नाही. क्षमासुद्धा मागत नाही. ती द्यायचा अधिकार ज्या बाईचा आहे, तिने मला आपल्या दाराबाहेर काढलंय. महाराजांची इच्छा म्हणून मी तेही पत्करलं आहे.