शिंदीची शॅम्पेन

माझे मेहुणे कलकत्त्याजवळच्या बजबजच्या तेलाच्या डेपोत केमिस्ट होते आणि बेहाल्याला राहत. एकोणीसशे पन्नासनंतरच्या एका हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं की, खजुरीच्या रसाची शॅम्पेन आपल्याला साधली, आता नोकरी सोडून कारखाना काढायचा. ताईनं मला गार्डन रीचहून तातडीनं बोलावून घेतलं.

"तू जन्माचा संशयी," ती म्हणाली. "यातली लबाडी शोधून दे. मला दोन पोरं वाढवायची आहेत."

लबाडी असणारच. आपल्याकडे या झाडाला शिंदी म्हणतात आणि त्याच्या दारूलाही शिंदीच. सकाळी गोड, दुपारी आंबट, संध्याकाळी मारामारी. म्हणे ही विद्या चंदननगरच्या एका म्हाताऱ्या फ्रेंच साहेबानं दिली. तो साहेब नसून साहेबाचा खानसामा असावा, हा माझा संशय आजही कायम आहे.

पलंगाखाली बाटल्या वाळूत उलट्या रोवलेल्या, जणू शीर्षासनाचा वर्ग. पहाटेचा रस गाळून आंबवायचा, मग जाड बाटलीत चमचाभर साखरेसह भरून बूच तारेनं आवळायचं. आत तो पुन्हा आंबतो, वायू कोंडतो. बाटली रोज जराशी फिरवली की गाळ उतरून बुचावर बसतो. एक बाटली फुटली तेव्हा शेजारच्या गवळ्याच्या म्हशीनं आठवडाभर दूध चोरलं, आणि अर्ध्या कलकत्त्याचा चहा कोरा झाला.

माझा डोळा मात्र गल्लीच्या कोपऱ्यावरच्या सोडावॉटरवाल्यावर होता.

"भाऊजी, बुडबुडे तिथूनच भरून आणता ना?"

"तूच उघड की एखादी."

कडेच्या बाटल्या त्यांनी मुद्दाम मांडल्या असणार, म्हणून मी मधली उपसली. उलटी धरून तार सोडली. बूच उडालं आणि गाळाचा गोळा थेट माझ्या धोतरावर. सोड्याला गाळ नसतो. बाटलीत उरलं ते काचेसारखं स्वच्छ. पेल्यात बुडबुडे तळातून रांगेनं वर येत होते. मी घोट घेतला. नव्या गुळाचा नुसता वास, गोडी नाही.

"बोल," ताई म्हणाली.

"खरी आहे गं."

तिचा चेहरा उतरला. मेहुणे तिथेच राजीनाम्याचा मजकूर मोठ्यानं जुळवायला लागले.

तेव्हा, उभ्या जन्मात द्राक्षासवसुद्धा नाक दाबून घेणाऱ्या माझ्या बहिणीनं माझ्या हातातला पेला काढून घेतला. सावकाश, चवीचवीनं, तळापर्यंत प्याली. पदरानं ओठ टिपले.

"अहो, अजून जरा कच्ची आहे. पुढच्या हिवाळ्यात बघू."

"कच्ची म्हणजे? आंबट लागते?"

"कच्ची म्हणजे कच्ची."

मेहुणे माझ्यावर कधी विसंबले नाहीत, पण तिच्या जिभेवर त्यांचा वेदवाक्यासारखा विश्वास. राजीनामा राहिला. पुढे दर हिवाळ्यात ते पेला पुढे करत, ती रिकामा करून परत देई, आणि दारू कच्चीच निघे. अशा कच्च्यावरच ते पेन्शनीत निघाले.

त्या वर्षी मी तिला एकटीला गाठलं. "ताई, आता तरी खरं सांग, कशी होती?"

"ओत अजून थोडी," ती म्हणाली. "एवढ्याशानं कळत नाही."