उकिरड्यावर टाकलेले केस

बायको गेली आणि मी शेळ्या विकल्या. गुडघे गेलेत, माळावर हिंडणं होत न्हाई. पण गोठ्यात काहीच हालचाल नसली की घर खायला उठतं. लेक भिंगारला दिलीय. तेराव्यालाच म्हणाली, "आबा, हितं एकटे ऱ्हाऊ नका." मी म्हणालो, ससे पाळतो. पिंजऱ्यात गवत टाकायचं, वाढले की मटणाला द्यायचे. "बरं," ती म्हणाली, "पहिली पिल्लं जगवून दाखवा. न्हाईतर मी पिशवी घिऊन येते, आन् तुमी गुमान चलायचं."

एक नर, एक मादी आणली. विकणारा म्हणाला, व्यायच्या आधी मादीला खोकं द्या, त्यात वाळलं गवत घाला. आणखी बरंच सांगत होता. खोकं आन् गवत दिलं, बाकीचं मी ऐकलं न्हाई. जन्म शेळ्यांत गेला, हा मला काय शिकवणार!

थंडी पडली होती. एका सकाळी बघतो तर मादी तोंडानं आपल्याच छातीचे केस उपटतेय. खोकं केसांनी भरलं होतं. बायकोला कॅन्सरचं औषध चालू होतं तेव्हा उशीवर असेच झुपके पडायचे. ती उठायच्या आत मी ते गोळा करून बाहेर टाकायचो. तिला दिसू नयेत म्हणून. तिला सगळं कळत होतं, पण ती कधी बोलली न्हाई.

शेळीला खरूज झाली की केस झडतात. मग जागा झाडायची आणि करंजाचं तेल लावायचं. मी तेच केलं. खोक्यातले सगळे केस उकिरड्यावर टाकले आणि मादीला पोटापर्यंत तेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता बघतो तर खोक्यात पिल्लं. नागडी, लाल, डोळे मिटलेली. एक मरून पडलेलं. बाकीची वळवळत होती, पण हाताला गारच लागत होती.

शेजारी खाटीक राहतो, माझा लहानपणचा दोस्त. सशांना गिऱ्हाईक तोच बघणार होता. त्याला हाक मारली. त्यानं मादी उचलून उलटी केली.

"पोटाला केस न्हाईत हिच्या. कुठं गेले?"

"उकिरड्यावर टाकले. खरूज हुती."

"खरूज तुझ्या डोक्याला झालीय, म्हाताऱ्या! चिमणी घरट्यात पिसं घालती, दिसत न्हाई का तुला? बाळंतिणीचं अंथरूण फेकलंस तू. आन् ते कडू तेल? पोरं तोंड लावतील व्हय त्याला?"

पिल्लं बंडीत पोटाशी घातली आणि उकिरड्याकडं सुटलो. वारं वाहत होतं. निम्मे केस काट्याकुट्यात अडकले होते, निम्मे दवानं भिजलेले. दोघं म्हातारे वाकून एकेक झुपका वेचत होतो. पोटाशी एखादं पिल्लू हललं की जीव भांड्यात पडायचा, हलेना की टांगणीला लागायचा. दोस्तानं केस परातीत घालून चुलीच्या धगीला वाळवले. मी कोमट पाण्याच्या फडक्यानं मादीचं तेल पुसलं. पिल्लं केसांत ठेवली.

मादी मात्र कोपऱ्यात पाठ करून बसली. ऊन वर आलं तरी खोक्याकडं फिरकली न्हाई.

"शेळीचं दूध आणतो," दोस्त म्हणाला, "वातीनं पाज. न्हाईतर आजच खड्डा काढ."

मी विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "ती दिवसातनं एखाद्या वेळीच पाजते, तेही कुणी बघत नसताना. दूध घालू नका, ठसका लागून मरतील. तुम्ही तिथून उठा."

उठा म्हणे. दवाखान्यातही मला असंच म्हणाले होते, बाबा, जरा चहा पिऊन या. मी गेलो. परत आलो तर बायकोच्या तोंडावर चादर ओढलेली. मी उठून गेलो की काय होतं ते मला म्हाईत हाय.

दोस्तानं दंडाला धरून उठवलं. त्याच्या ओट्यावर बसलो. चहा आला, मी कप तसाच खाली ठेवला. दोनदा उठलो, दोनदा त्यानं खाली बसवलं. "तुझं तोंड बघून तिचं दूध आटंल," म्हणाला.

दिवस कलला तेव्हा लेक एसटीतनं उतरली. दोस्तानंच कळवलं होतं. हातात पिशवी. चप्पल न काढता ती खोक्याकडं निघाली.

"थांब," मी ओरडलो. "आधी हाताला गवत चोळ, माणसाचा वास लागंल पिल्लांना."

केस मीच बाजूला केले. पिल्लं ढिगानं झोपलेली, गरम. पोटं टम्म, आणि पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसत होतं. मी खाली बसलो. लेक म्हणाली, "आबा, ही मोठी झाली की कापायची?"

"व्हय. त्यासाठीच हायेत. पिशवीत काय आणलंस?"

"काय न्हाई. तुमचे कपडे घालायला आणली हुती."

"मग बांधावर जा आन् त्यात गवत भरून आण. मादी सकाळधरनं उपाशी हाय."