दूध-सत्याग्रहाची तुकडी

मी पातेल्यातला डाव पुढे केला होता आणि परब हात पाठीमागे बांधून उभे होते.

"बाई, तुरुंगात जायला सांगा, आत्ता शर्ट चढवतो," ते म्हणाले. "पण डाव घेऊन पोरांना दूध वाढायचं? बायलमाणसाचं काम ता. चाळीत तोंड दाखवता येणार नाय."

परब म्हणजे लालबागच्या त्या चाळीतलं वजनदार प्रस्थ. गिरणीत साचे चालवायचे, म्हणजे मागावर कापड विणायचे. मी एका ट्रस्टची नवी कोरी सोशल वर्कर, फणसवाडीहून रोज तिथे जाणारी. चाळीच्या तळमजल्यावर आमचं दूध केंद्र होतं. दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवायची, गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायची, उकळायची आणि शाळेआधी पोरांना एकेक पेला द्यायचा. बऱ्याच पोरांच्या पोटात सकाळी तेवढंच पडत असे.

हे सगळं अनसूयाबाई एकट्या निभावत. त्या मुलीच्या बाळंतपणासाठी कोकणात गेल्या आणि केंद्राला कुलूप लागायची वेळ आली. बाकीच्या बायकांना विचारायची मला लाज वाटत होती. त्या वेळी कुणी नळावर, कुणी गिरणीत, तर कुणी खाणावळीच्या भाकऱ्या थापत असे. दुसऱ्या पाळीचे पुरुष मात्र मोकळे. ही पाळी दुपारी सुरू होते, त्यामुळे सकाळभर ते गॅलरीत बसून संयुक्त महाराष्ट्र कधी होणार यावर वाद घालत.

आमचे सुपरिंटेंडेंट सबनीस साहेब मोजकं बोलत. "व्हॉलंटियर्स नसतील तर सोमवारपासून केंद्र बंद. पावडर दुसऱ्या चाळीला देऊ," एवढंच म्हणाले आणि फाइलमध्ये डोकं घातलं.

मग ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं मी केलं. बालकांच्या आहारावर व्याख्यान ठेवलं. झाडून सगळे पुरुष आले. त्यांनी अध्यक्ष निवडला, शांतपणे ऐकलं, टाळ्या वाजवल्या, एकाने लांबलचक आभार मानले आणि सगळे घरी गेले. मला रडू येत होतं आणि त्यातून सतरंजीही मलाच गुंडाळावी लागली.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. सत्याग्रहाच्या तुकडीत आपल्याला का घेतलं नाही म्हणून दोघे जण हमरीतुमरीवर आले होते. तुकडी म्हणजे बंदीहुकूम मोडून अटक करून घेणाऱ्यांचा जथा. निघताना गळ्यात हार पडायचे, बायका ओवाळायच्या, सगळी चाळ खाली उतरायची. ज्यांना डाव जड वाटत होता त्यांना लाठी हलकी वाटत होती. मला राग आला, आणि रागातच युक्ती सुचली.

मी परबांना गाठलं. "सोमवारपासून दूध-सत्याग्रह. केंद्र बंद करायचा हुकूम आहे, तो मोडायचा. पहिल्या तुकडीचं नेतृत्व कुणाकडे द्यावं?"

परब गंभीर झाले. "लाठीचार्ज होईल?"

"सांगता येत नाही. पातेलं मात्र फार तापतं."

"मग पहिली तुकडी माझी," ते म्हणाले.

सोमवारी तुकडी हजर. पांढरे सदरे, कपाळाला गुलाल, गळ्यात झेंडूचे हार. परबांच्या बायकोने, सुंदराबाईंनी, त्यांना ओवाळलं. निरांजनात तेल घालताना त्या मला हळूच म्हणाल्या, "जिना उतरून खालीच तर जाणार आहेत. पण राहू दे, माझ्या भाकऱ्या तरी शांतपणे होतील."

घोषणा देत तुकडीने चाळीला वळसा घातला आणि मग दूध ढवळलं. पहिल्या दिवशी ते करपलं, कारण परबांचं भाषण लांबलं. पोरं पेले घेऊन ताटकळली, पण प्यायला मिळालं. दुसऱ्या दिवशी निराळीच तक्रार. आधीच्या तुकडीने सगळ्या गुठळ्या मोडून टाकल्या, आम्हाला काही त्याग करायला ठेवलंच नाही, असं दुसरी तुकडी म्हणू लागली. एकाची बोटं पोळली. तो पट्टी बांधून सगळ्या मजल्यांवर फिरला आणि त्याच्याबद्दलचा आदर एकदम वाढला. त्यानंतर मी फडकी पुरवली तरी कुणी ती वापरेना.

सबनीस साहेब इन्स्पेक्शनला आले तेव्हा मी घाबरून गेले होते. परबांनी त्यांना दारातच अडवलं. हुकूम काढणारा माणूस हाच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घोषणा दिल्याशिवाय आत सोडणार नाही, म्हणाले. साहेबांनी टाय सैल केला, माझ्याकडे पाहिलं आणि "दूध मिळालंच पाहिजे" असं खणखणीत आवाजात म्हणाले. पुरुषांचा इतका सहभाग त्यांनी कुठल्याच केंद्रात पाहिला नव्हता. माझी पद्धत कोणती असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लोकशिक्षण."

दोनेक वर्षं हे बिनबोभाट चाललं. करपणं थांबलं, भाषणं आटोपशीर झाली. अनसूयाबाई परत आल्या होत्या, पण त्यांना कुणी पातेल्याला हात लावू देईना.

मग राज्य मिळालं. चाळीवर रोषणाई झाली, पेढे वाटले, परब लहान मुलासारखे रडले. मीही रडले. दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेले तर शेगडी थंड होती. पोरं रिकामे पेले घेऊन रांगेत उभी होती आणि तुकडीतला एकही माणूस नव्हता. परब गॅलरीत निवांत पेपर वाचत बसले होते.

"बाई, आता कसली तुकडी?" ते प्रेमाने म्हणाले. "राज्य मिळालं. लढा संपला."

खाली पोरं भुकेली होती आणि हा माणूस कृतकृत्य झाला होता. इतका संताप मला नोकरीत पुन्हा कधी आला नाही. पण भांडून उपयोग नव्हता. मी फक्त विचारलं, "आणि बेळगाव?"

परबांनी पेपर खाली ठेवला.

"बेळगाव अजून बाहेरच आहे," मी म्हटलं. "कारवारही. निपाणीही."

ते उठले, खुंटीवरचा सदरा काढला आणि आत बघून ओरडले, "सुंदरे, निरांजन आण."

पुढे ट्रेनिंगला येणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगत आले. पुरुषांना सार्वजनिक कामाला बोलावताना कामाचे फायदे सांगू नका, लढायला कारण द्या. आणि कारण असं निवडा, की जे तुमच्या रिटायरमेंटपर्यंत पुरेल. माझं पुरलं.