खालच्या गटातले आबा

सामना सुरू झाला की बाकीचे प्रशिक्षक रेषेवर उभे राहून घसा फोडायचे. आबा मात्र गोणपाट अंथरून पंगतीला बसावं तसे मांडी घालून बसायचे. संघावर गोल झाला तरी उठायचे नाहीत. गुडघ्यावर एक थाप मारायचे आणि म्हणायचे, "खेळा रे, खेळा. अजून ऊन हाय."

मी लीगमधला पंच. मला कोणाची बाजू घेता यायची नाही आणि माझी कोणी घेत नसे. त्यामुळे हे दृश्य मी वर्षानुवर्षं तटस्थपणे पाहिलं. निदान तसा प्रयत्न तरी केला.

नाशिकमध्ये कसला आलाय फुटबॉल, असं तुमच्या मनात येईल. खरं आहे. आमच्याकडे क्रिकेटवाल्यांनी मैदान सोडल्यावर जे उरतं, त्याला फुटबॉल म्हणतात. तरी नव्वदीत आमची एक छोटी लीग होती, अ गट आणि ब गट. अ गटात तळाला राहणारा संघ पुढच्या वर्षी ब गटात जायचा आणि ब गटातला पहिला वर यायचा. ब गटात गेलेला संघ सहसा एक-दोन वर्षांत मोडायचा. खेळाडू दुसरीकडे जायचे, जाळ्या उंदीर खायचे आणि क्लबची पाटी कोणाच्या तरी गोठ्याला लागायची.

आबांची नाशिकरोडला पिठाची गिरणी होती. आमचं दळण तिथंच असे. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं, आणि दुसरं लग्न करा म्हणणारे सांगून सांगून थकले. गिरणीच्या मागच्या खोलीत ते एकटे राहत. एका पाडव्याला मी फराळाचा डबा घेऊन गेलो, तर गिरणी बंद आणि आबा दारात नुसते बसलेले. मला पाहून इतक्या घाईनं उठले, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"बसा, बसा. आज पट्टा बंद हाय ना, कानात कसंतरीच होतंय. आवाजाची सवय. रविवारी पोरं वरडतात तवा बरं वाटतं."

दिवाळीच्या दिवशी त्यांच्याकडे आलेला मी एकटाच होतो, हे त्यांनी सांगितलं नाही. रिकाम्या पाटावर माझाच डबा होता, त्यावरून कळलं. हा क्लब म्हणजे त्यांचं घर होतं, दुसरं नव्हतंच.

तो क्लब खाली गेला तो आबांच्याच हातानं. त्यांचे निम्मे खेळाडू विंचूरकडचे, कांद्याच्या बाजारातले. कोणी हमाल, कोणी ट्रॅक्टरवर, कोणी व्यापाऱ्याकडे कामाला. शेवटचा सामना रविवारी होता आणि नुसती बरोबरी झाली असती तरी अ गटात राहिले असते. पण रविवारी गोलकीपरच्या बहिणीची हळद होती. त्या आठवड्यात बाजारात कसला तरी वाद होऊन लिलाव बंद पडले होते. आबा लीगच्या लोकांकडे गेले आणि हातापाया पडून सामना सोमवारवर नेला. "लिलाव बंद हायेत, सोमवारी समदी मोकळीच."

सोमवारी सकाळीच लिलाव सुरू झाले. आठवडाभराचा तुंबलेला कांदा बाजारात आला आणि आबांचा निम्मा संघ त्या कांद्याखाली गडप झाला. गोलकीपर मात्र हळदीच्या पिवळ्या हातांनी हजर होता. आठ जणांवर ते खेळले आणि शेवटी शेवटी एका गोलानं हरले. शिट्टी मीच वाजवली. आबा गोणपाट झटकून माझ्याकडे आले, हात मिळवला आणि म्हणाले, "शिट्टी झ्याक वाजवता राव तुम्ही."

मी म्हणालो, "आबा, पोरांनी घात केला."

"पोरांनी नाय, मी केला. कांदा काय कोणाच्या सांगण्यानं थांबतो व्हय? मला कळाय नको?"

पुढच्या मोसमाच्या आत चांगले खेळाडू अ गटातल्या क्लबांनी उचलले. आबा एकालाही अडवत नसत. निरोप घ्यायला आलेल्याला चहा पाजत आणि वर म्हणत, "जा की. हितं राहून काय माझ्या गिरणीचा पट्टा वढणारे?" तो गेला की बराच वेळ त्याचा कप तसाच फळीवर असे. हे मी पाहिलंय, माझं दळण तेव्हा बहुतेक शेवटी लागायचं.

ब गटाचं मैदान शहराबाहेर होतं. प्रेक्षक म्हणजे आम्ही पंच आणि शेळ्या. रेषा मारायला फक्की मिळायची नाही, म्हणून आबा गिरणीतलं सांडलेलं पीठ चाळून आणत आणि त्याच्या रेषा ओढत. दिसायला सुरेख! पण एकदा मध्यंतरात शेळ्यांनी उजवीकडचा अख्खा पेनल्टी बॉक्स चाटून साफ केला. उत्तरार्धात तिथंच फाऊल झाला. दोन्ही संघ माझ्या अंगावर धावून आले, आत की बाहेर? मी आबांकडे पाहिलं. ते गोणपाटावर बसल्या बसल्या इतके हसले, की त्यांना ठसका लागला. त्यांना मी इतकं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

संघ उभा करायची त्यांची तऱ्हा मात्र पाहण्यासारखी होती. नवा माणूस आला की बाकीचे प्रशिक्षक त्याला पळवून बघत. आबा विचारत, "पीक कोणतं?" आम्ही खूप चेष्टा केली. फुटबॉलचा संघ काढताय की बाजार समिती? हळूहळू लक्षात आलं. त्यांनी एका पिकाचे सगळे घेणं सोडलं होतं. थोडे कांद्यातले, थोडे द्राक्षबागेतले, थोडे पेठ-सुरगाण्याकडून शहरात बांधकामावर आलेले भातवाले. कांद्याची गर्दी असली की भातवाले मोकळे असत. बागांची छाटणी निघाली की कांदेवाले येत. भाताची कापणी आली की डोंगराकडचे घरी जात आणि द्राक्षवाले बूट चढवत. कोणताही रविवार असो, आबांकडे अकरा जण उभे असायचे. समोरचे संघ कधी लग्नसराईत, कधी सुगीत मोडायचे, यांचा मोडत नव्हता.

शिवाय आपल्या जागेवर दुसरा कोणीतरी तयार आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे सगळेच जीव तोडून खेळायला लागले. वर असताना हा संघ असा कधीच खेळला नव्हता. खाली जाऊन संघ सुधारतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला पिवळं कार्ड दाखवलं असतं. पण माझ्या डोळ्यांदेखत झालं. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका मोसमात ते ब गटात पहिले आले. पोरांनी आबांना खांद्यावर घेतलं. आबा वरून ओरडत होते, "आरं सोडा, धोतर सुटंल!"

वर आल्यावर क्लबला चांगले दिवस आले. एक बिल्डर अध्यक्ष झाला. सगळ्यांना नवे बूट मिळाले, बाहेरगावी जायला गाडी मिळाली, परीक्षा पास झालेला प्रशिक्षक आला. माणसं चांगली होती, वाईट बोलायला मला जागा नाही. आबांना त्यांनी सल्लागार केलं, हार घातला आणि बसायला कापड घातलेली खुर्ची दिली. आबा दोन सामने त्या खुर्चीत अवघडून बसले. तिसऱ्या सामन्याला दिसले नाहीत. कोणी विचारलंही नाही. मला फार वाईट वाटलं. पण क्लब छान चालला होता, तक्रार कोणाकडे करणार?

मला ते सापडले ब गटाच्या मैदानावर. आबांचा क्लब वर आला तेव्हा जो संघ खाली गेला होता, त्याच्या बाजूला गोणपाट टाकून बसले होते. त्या संघाचे निम्मे खेळाडू पळाले होते, प्रशिक्षकानं राम राम ठोकला होता. गॅरेजमध्ये काम करणारा एक तरुण कप्तान कसाबसा गाडा ओढत होता.

मी म्हणालो, "आबा, हे तर तुमचे हाडवैरी. मागं तुमचं गोणपाट पळवलं होतं यांनी."

"म्हणून तर वळखतो यांना," आबा म्हणाले. "वर गेलेल्याला लय माणसं मिळतात हो. यांच्याकडं कोण येतंय?" मग कप्तानाकडे वळून, "त्यो नवा लेफ्टवाला कुठला? देवळ्याचा? मंग कांदाच आसंल. एखादा भातवाला बघ."

पुढची तीन-चार वर्षं मी त्यांना तिथंच पाहिलं. गिरणीवर आता त्या संघाची पोरं बसलेली असत. कोणी डबा आणी, कोणी पट्ट्याला मेण लावी. आबा खंगले होते, पण घराला माणसं असली की चेहऱ्यावर जे येतं ते आलं होतं.

मोसमाच्या शेवटच्या रविवारी पहाटे आबा झोपेतच गेले. त्यांचा जुना क्लब स्पर्धेसाठी पुण्याला होता, यायला संध्याकाळ होणार होती. देवळ्याहून पुतण्या आला. तो म्हणाला, एकट्याचं घर, दिवसभर कोण बसणार, सकाळीच उरकू.

त्याच सकाळी ब गटाचा शेवटचा सामना होता. कप्तानाचा संघ जिंकला असता तर वर गेला असता. पंच मी होतो. सामना पुढे ढकलता येईल का, असं विचारायला कप्तानानं मला फोन केला. मी लीगच्या लोकांना विचारलं. ते म्हणाले, अशानं लीग पावसाळ्यापर्यंत जाईल, सामना आजच. मी कप्तानाला तसं कळवलं. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

मैदानावर एकच संघ आला. नियमाप्रमाणे थांबायचं तेवढं मी थांबलो. मग त्या संघाला विजयी घोषित केलं, कागदावर सही केली आणि शिट्टी खिशात टाकून तसाच स्कूटरवरून स्मशानाकडे निघालो. वाटेत डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते थांबवावंसं वाटत नव्हतं.

पोचलो तेव्हा अग्नी दिला होता. पुतण्या सोडला तर नात्यातलं कोणी नव्हतं. बाकी सगळी कप्तानाची पोरं, खेळायच्या कपड्यांत, अनवाणी. तिरडी त्यांनीच आळीपाळीनं खांद्यावरून आणली होती. मला पाहून कप्तान पुढे आला.

"साहेब, सामना?"

"गेला," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि परत जाऊन चितेजवळ आपल्या जागी उभा राहिला.