उभ्या पुतळ्याचं जॅकेट

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. जेवतानाही दोनदा उठणाऱ्या या बाईला नोकरी मिळाली ती नेमकी वाट बघत बसण्याची. प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत एक पुतळा उभा असे, आतल्या तारांनी माणसाच्या अंगाइतका तापवलेला. भिंगरी त्याला थंडीचे कपडे चढवी आणि काचेबाहेरून बघे, ऊब टिकवायला त्याला वीज किती लागते. वीज कमी लागली की कपडा चांगला.

आज शीतगृहातल्या हमालांसाठीचं नवं जॅकेट होतं. तिचा धाकटा दीर त्यांच्यातलाच. जॅकेट पास झालं की सगळ्यांना लगेच मिळणार होतं. जुनी पार विरली होती.

"वहिनी, आज पास कराच," तो सकाळी म्हणाला होता. "नाहीतर तुमच्या पुतळ्याला पाठवा माझ्या जागी."

"पाठवते की. तो तुमच्यासारखा घडीघडी चहाला पळणार नाही, भावजी!"

हसत तो बूट घालायला वाकला. शर्ट वर सरकला, कंबर उघडी पडली.

ते तिच्या डोक्यातून जाईना. पुतळ्याचा बनियन तिने नीट खोचला होता, जॅकेट खाली ओढून पट्टा आवळला होता, पोराला शाळेत धाडावं तसा. आकडा झकास आला होता. पण खोकी उचलणारा माणूस असा टापटीप राहतो कुठे?

तिने पट्टा सैल केला, बनियन बाहेर ओढला, पुतळ्याचे हातपाय हलवणारं यंत्र जोडलं. बसवेना म्हणून उभ्यानेच बघत राहिली. वीज चढतच गेली.

"पुतळा नुसता उभा होता तेव्हा पास झालंय ना?" साहेब वैतागले. "कशाला उकरून काढता?"

"नुसतं उभं राहून ओझी कोण उचलतं, साहेब?"

"मग लिहा नापास. आणि घरच्यांच्या शिव्या खा."

इकडे आड, तिकडे विहीर. पास केलं तर पुढची कित्येक वर्षं सगळ्यांच्या कमरेत थंडी शिरणार. नापास केलं तर यंदा विरलेलंच. काचेपुढे येरझाऱ्या घालून तिचे पाय दुखले. शेवटी तिने लिहिलं: नापास, मागची बाजू वीतभर लांब हवी.

दिराला फोन तिनेच केला.

"म्हणजे अजून जुनंच?" त्याचा आवाज उतरला. "वहिनी, इथे सगळे डोळे लावून बसलेत. काय सांगू त्यांना?"

"माझं नाव सांगा."

त्याने फोन ठेवला. ती तशीच उभी राहून जॅकेट शिवणाऱ्या कारखान्याचा नंबर फिरवू लागली.